गाडीखाली तेलाचा डाग: गळती नेमकी कुठून होतेय हे कसं शोधायचं? (एपिसोड ३४, लिखित)

ज्यांना लोकलमध्ये किंवा ऑफिसच्या बसमध्ये हेडफोन लावायचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना मध्येमध्ये आलेले 'अं' आणि 'काय म्हणतात त्याला' काढून टाकलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तर फेब्रुवारीतली गोष्ट. बाबांचा कराडहून फोन आला. गाडी २०१३ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक, तीन सिलिंडरवाली. मी पुण्यात नोकरीला, गाडी तिकडे आईबाबांकडे. बाबा म्हणाले, "अरे, गाडीखाली तेल पडतंय. गॅरेजवाला म्हणतो क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स खाली उतरवायला लागेल, त्यातच क्लच प्लेट पण बदलून घ्या म्हणतो. १९,००० सांगितलेत."

मी विचारलं, "सीलच गेलंय हे कशावरून?"

"कशावरून म्हणजे? तिथूनच थेंब पडतोय ना."

आता बाबांचा विचार असा की गाडीला दहा-अकरा वर्षं झालीत, तिच्यावर एवढा खर्च करण्यापेक्षा काढून टाकावी. एका एजंटने ९०,००० सांगितलेही होते. पण आईचे गुडघे खराब आहेत, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी असते आणि रिक्षात पाय उचलून चढणं तिला जमत नाही. गाडी गेली की आधी तिचं जाणं बंद होणार. नवीन घ्यायची तर ईएमआय माझ्या डोक्यावर. म्हणून मी बाबांना म्हटलं, शनिवारी येतो, तोपर्यंत कुणालाही हो म्हणू नका. फक्त रोज सकाळी डिपस्टिक बघा.

डिपस्टिक म्हणजे ती ऑइलची पट्टी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी बाहेर काढली नसेल म्हणून सांगतो. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं तेल खाली उतरतं. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. दोन खुणांच्या मध्ये तेल असलं तर ठीक. खालच्या खुणेच्या खाली गेलं असेल तर तेल टाकल्याशिवाय गाडी चालू करायची नाही, मग दुकान गल्लीच्या टोकाला का असेना. आणि डॅशबोर्डवर तो लाल तेलाच्या कॅनचा दिवा असतो ना, तो तेल कमी झाल्याचा दिवा नव्हे. तो तेलाचा दाब गेल्याचा दिवा. तो लागेपर्यंत तेल बरंच कमी झालेलं असू शकतं आणि बेअरिंग कोरडी पडायला लागलेली असतात. तो लागला की बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. 'घरापर्यंत नेतो' या हिशोबात इंजिन जातं.

आमच्या पट्टीवर तेल मध्याच्या थोडं खाली होतं. म्हणजे लगेच घाबरण्यासारखं नव्हतं, विचार करायला वेळ होता.

शनिवारी पोचलो. पार्किंगमधला डाग पुरीएवढा, काळपट. पहिला प्रश्न, हे इंजिन ऑइलच आहे का? गाडीत तेल एकच नसतं. पांढऱ्या कागदावर थेंब घ्या आणि बोटावर चोळा. नुसतं पाणी असेल तर एसीचं, सोडून द्या. हिरवं किंवा गुलाबी, थोडा गोडसर वास, तर कूलंट. गिअर ऑइल जाडसर असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ तेलकट ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. तसं असेल तर इथेच थांबा आणि मेकॅनिकला घरी बोलवा, गाडी चालवत नेऊ नका. आमचं काळसर तपकिरी, गुळगुळीत, डिपस्टिकवरच्या तेलासारखंच. इंजिन ऑइलच.

मग गॅरेजवाल्याचं म्हणणं तपासायचं होतं. अशा गाडीत इंजिन आडवं बसवलेलं असतं, एका टोकाला टायमिंग चेन, दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्स. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथे आत क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील असतं. ते गेलं की तेल त्या जोडातून खाली टपकतं. आमचा थेंब बरोब्बर तिथेच होता. म्हणजे तो माणूस काही वेड्यासारखं बोलत नव्हता.

पण त्याने एक गोष्ट गृहीत धरली होती: थेंब जिथून पडतो तिथूनच तेल गळतं. तेल असं वागत नाही. ते इंजिनच्या अंगावरून ओघळतं, कुठल्यातरी कडेच्या आधाराने आडवं सरकतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि मग सगळ्यात खालच्या टोकाला येऊन थेंब होऊन पडतं. स्लॅबमधून गळणारं पाणी पंख्याच्या हुकातून टपकतं, म्हणून कुणी पंखा बदलत नाही. इंजिनच्या वरच्या कोपऱ्यातून आलेलं तेल मागच्या बाजूने उतरून त्याच गिअरबॉक्सच्या जोडातून पडू शकतं. खालून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. फरक इतकाच की एकाला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि दुसऱ्याला दहा-बारा बोल्ट.

मला शंका यायचं कारण वास. आई म्हणाली होती, सिग्नलला थांबलं की गाडीत जळकट वास येतो. आमच्या गाडीत एक्झॉस्ट इंजिनच्या मागच्या बाजूला आहे, म्हणजे केबिनकडे. मागचं सील खूप खाली असतं. तिथून गळणारं तेल वर उडी मारून गरम एक्झॉस्टवर कसं पडेल? (हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तुझी आई मेकॅनिक झाली म्हण की." आईने ऐकून घेतलं, बोलली काही नाही.)

बरं, आता कामाची गोष्ट. अकरा वर्षांच्या इंजिनवर तेल आणि धूळ यांचा थर बसलेला असतो. सगळंच ओलं, सगळंच काळं. अशा इंजिनकडे बघून गळती सांगणं म्हणजे अंदाजपंचे. त्यामुळे आधी धुवायचं. इंजिन पूर्ण थंड पाहिजे. गरम इंजिनवर डिग्रीझर किंवा रॉकेल मारू नका, पेट घेऊ शकतं. अल्टरनेटर, कॉइल आणि वायरचे कनेक्टर प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाका. आम्ही डिग्रीझर मारलं, ब्रशने घासलं, बादलीतल्या पाण्याने हळू धुतलं. प्रेशरचा पंप मुद्दाम टाळला, कारण त्याने पाणी नको तिथे घुसतं. दोन तास उन्हात वाळवलं. खालची बाजू ओळखीच्या सर्व्हिसिंगवाल्याच्या रॅम्पवर पुसून घेतली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक सरकतो, आणि सरकला की बाहेर यायला वेळ मिळत नाही.

मग आईची टाल्कम पावडर. हो, खरंच! जिथे संशय आहे तिथे कोरड्या धातूवर पावडरचा पातळ हात फिरवायचा, पट्ट्यापासून लांब. तेल आलं की पांढऱ्यावर काळी रेघ उमटते आणि रेघ कुठून सुरू झाली ते दिसतं. मोठ्या वर्कशॉपमध्ये हेच काम चकाकणारा रंग तेलात घालून अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने करतात. तो प्रकार जास्त अचूक, विशेषतः गळती अगदी बारीक असेल तर. पण कराडमध्ये शनिवारी दुपारी पावडर लगेच मिळाली.

उंब्रजपर्यंत हायवेने गेलो आणि परत आलो. लांब जायचं नाही. जास्त चालवलं की तेल पुन्हा सगळीकडे पसरतं आणि आपण होतो तिथेच येतो. घरी येऊन इंजिन बंद केलं, बोनेट उघडलं, आणि जिथे डोकं जात नाही तिथे मोबाईल घातला. फ्लॅश लावून व्हिडिओ सुरू ठेवायचा आणि फोन हळूहळू इंजिनच्या मागून फिरवायचा, मग आरामात बसून झूम करून बघायचं. फोन पडला तर शोधायला हात घालताना एक्झॉस्ट गरम असतो हे लक्षात ठेवा. माझ्या मनगटावर अजून खूण आहे.

बघायचं काय? सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा. तेल खाली आणि मागे जातं, त्यामुळे उगम वर आणि पुढे असतो. व्हिडिओत टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, गिअरबॉक्सच्या बाजूला, एक बारीक रेघ सुरू होत होती. ती चारेक इंच खाली आली होती आणि तिचा एक फाटा एक्झॉस्टच्या कव्हरकडे गेला होता. त्याखालची पावडर पांढरी. गिअरबॉक्सचा जोड कोरडा ठणठणीत.

मागचं सील गळत असतं तर खालचा जोड आधी ओला झाला असता. इथे वरून निघालेली रेघ अजून अर्ध्या रस्त्यातच होती. हा व्हिडिओ मी बाबांना तीनदा दाखवला.

तरी लगेच पार्ट आणायला पळालो नाही. बाकीच्या नेहमीच्या जागाही बघितल्या, कारण गळती एकच असते असं कुठे लिहिलेलं नाही. ऑइल फिल्टरभोवती कोरडं होतं. सर्व्हिसिंगनंतर लगेच गळती सुरू झाली असेल तर पहिला संशय इथेच घ्या. कधीकधी जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहतं आणि त्याच्यावरच नवा फिल्टर बसवला जातो. चेंबरचा ड्रेन नट आणि त्याचं वायसर कोरडं. ऑइल प्रेशर स्विच कोरडा. हा छोटासा सेन्सर बऱ्याच गाड्यांमध्ये गळतो आणि स्वस्तात बदलून होतो. टायमिंग कव्हरच्या बाजूला जुनी ओल होती, नवी नाही.

मग एक कॉइल उपसून बघितली. स्पार्क प्लग टॅपेट कव्हरच्या मधल्या विहिरींमध्ये बसतात आणि त्या विहिरींनाही त्याच पॅकिंगच्या सेटमधल्या रिंगा असतात. तिसऱ्या कॉइलचं रबर तेलकट निघालं. म्हणजे पॅकिंग बाहेरून आणि आतून, दोन्हीकडे संपलं होतं. अजून थोडे दिवस गेले असते तर गाडी झटके द्यायला लागली असती, मग कुणीतरी प्लग आणि कॉइल बदलायला सांगितलं असतं, आणि तेल पडतच राहिलं असतं.

आता 'पॅकिंग गेलं, बदला' इथे विषय संपला असता. पण शेजारी एक काका राहतात, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. ते चहा घेऊन बघायला आले आणि म्हणाले, "पॅकिंग गेलं ते बरोबर. पण का गेलं? ब्रीदर बघितलास का?"

मी नव्हता बघितला. हे मला कॉलेजात शिकवलेलं, परीक्षेत लिहिलेलं, आणि समोर इंजिन असताना आठवलं नाही.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली निसटतो, नव्या इंजिनमध्येसुद्धा. तो चेंबरमध्ये साठला तर आत दाब वाढतो, म्हणून एक छोटा व्हॉल्व्ह तो वायू इनटेककडे खेचून पुन्हा जाळायला देतो. त्याला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. तो चिखलाने अडकला की दाबाला दुसरी वाट लागते, आणि ती वाट म्हणजे इंजिनचं सगळ्यात कमजोर पॅकिंग. काकांनी व्हॉल्व्ह काढला आणि कानाशी धरून हलवला. चांगला असेल तर आत खुळखुळ वाजतो. आमचा मुका होता. दुसरी एक खूण म्हणजे इंजिन आयडलिंगला असताना व्हॉल्व्ह पाईपसकट बाहेर काढून तोंडावर बोट ठेवलं की ओढ जाणवायला हवी. आम्हाला काहीच जाणवली नाही. जर व्हॉल्व्ह नवा बसवल्यावरही तेल भरायच्या झाकणातून जोरात भकाभका हवा येत असेल, तर मात्र रिंगा झिजल्यात का हे तपासावं लागतं. तो वेगळा आणि महागडा एपिसोड आहे.

व्हॉल्व्ह अडकला कशाने? घर ते फिजिओ चार किलोमीटर, तिथून मंडई, परत घर. इंजिन पूर्ण गरम व्हायच्या आत बंद. तेलातलं पाणी उडून जात नाही, काळा गाळ होतो. त्यात मागचा ऑइल चेंज दीड वर्षापूर्वीचा. "गाडी फिरलीच कुठे, मग तेल कशाला बदलायचं?" हे बाबांचं म्हणणं. कमी फिरणाऱ्या गाडीला किलोमीटर बघायचे नसतात, महिने बघायचे असतात. सर्व्हिस बुकात 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं. दुसरा अर्धा भाग आपण कुणीच वाचत नाही.

रविवारी कराडातली दुकानं धुंडाळून पॅकिंगचा सेट, विहिरींच्या रिंगा, पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि सिलिकॉनची छोटी ट्यूब घेतली. सगळं मिळून नऊशेच्या आसपास. इंजिन ऑइल आणि फिल्टर वेगळे, पण ते तसेही बदलायचेच होते.

कव्हर काढणं सोपं, बसवणं नाजूक. बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी केली, आधी फोटो काढले, मग कॉइल आणि पाईप काढले. एका कनेक्टरचं लॉक माझ्या हातात तुटलं. अकरा वर्षं उष्णता खाल्लेलं प्लॅस्टिक बिस्किटासारखं असतं, ओढायचं नाही, दाबून हळू सोडवायचं. ते लॉक आता झिप टायने बांधलेलं आहे, काकांनी त्यावर मला दोन शब्द सुनावलेत. जुनं पॅकिंग रबराचं राहिलंच नव्हतं, वाकवलं तर कटकन मोडलं.

खालची जागा साफ करताना लोखंडी पट्टीने खरवडू नका. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की नवीन पॅकिंगही तिथूनच गळणार. प्लॅस्टिकची पट्टी आणि कपडा वापरा. उघड्या इंजिनमध्ये कचरा पडणार नाही इकडे लक्ष ठेवा. सिलिकॉन फक्त तिथेच, जिथे टायमिंग कव्हर आणि हेड यांचा जोड येतो, दोन कोपऱ्यांत वाटाण्याएवढं. मला वाटलं होतं सगळीकडून फिरवावं, जास्त पक्कं होईल. काकांनी हात धरला. जास्तीचं सिलिकॉन आत पिळलं जातं, त्याचे तुकडे सुटून चेंबरमधल्या तेलाच्या जाळीत अडकतात, आणि तेलच वर चढेनासं होतं. गळती परवडली, ते नाही.

बोल्ट घट्ट करायचे ते मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे. हे बारीक बोल्ट असतात, त्यांना बऱ्याच गाड्यांमध्ये १० न्यूटन मीटरच्या आसपासच ताकद लागते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघा. टॉर्क रेंच काकांकडे होता. नसेल तर मागून आणा किंवा हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. आपल्याकडे 'अजून एक आटा दे' अशी सवय असते. त्याने पॅकिंग चेपतं, कव्हर वाकतं, आणि ॲल्युमिनियममधला आटा गेला की नऊशेचं काम पाच हजारांवर जातं.

सिलिकॉन वाळायला पाकिटावर लिहिलेला वेळ दिला, जुनं तेल काढून कॅनमध्ये भरलं, नवं टाकलं. (जुनं तेल गटारात ओतू नका, गॅरेजवाले ते घेतात.) संध्याकाळी गाडी सुरू केली आणि पाचच मिनिटांत जळका वास! बाबा दारातून ओरडले, "गेले नऊशे रुपये!" माझ्याही पोटात गोळा आला. पण ते एक्झॉस्टच्या पत्र्यावर आधीच पडलेलं तेल जळत होतं. टॉर्च घेऊन बघितलं, कव्हरचा कोपरा कोरडा होता. दोन दिवसांनी वास थांबला.

त्या गॅरेजवाल्याबद्दल एक सांगतो, कारण एपिसोड ऐकून कमेंट येणार 'सगळे लुटतात'. मला तसं वाटत नाही. मागचं सील खरंच गेलं असतं तर गिअरबॉक्स उतरवावाच लागला असता, आणि एवढं सगळं खोललंय तर क्लच प्लेट बघून घ्या हा सल्लाही योग्यच होता, कारण अशा कामात पैसे सीलचे नसतात, खोलण्याचे असतात. चूक एवढीच की त्याने धुवून बघितलं नाही. धुणं, वाळवणं, वीस-तीस किलोमीटर फिरवणं यात अर्धा दिवस जातो आणि त्याचे पैसे द्यायला आपण गिऱ्हाईक तयार नसतो. 'नुसतं बघायचे कसले पैसे?' असं आपणच म्हणतो. त्यामुळे तुम्ही स्वतः हात घालणार नसाल तर निदान एवढं करा: मेकॅनिकला सांगा की आधी धुऊन गळती कुठून सुरू होते ते दाखवा, त्या वेळेचे पैसे देतो. आणि सुरुवातीची ओली जागा दाखवल्याशिवाय मोठ्या कामाला हो म्हणू नका. गळती थांबवायची बाटली तेलात टाकायचा सल्ला मिळेल, तीही घाईने घेऊ नका. ती रबर फुगवते, सील किंचित झिरपत असेल तर काही काळ निभावतं, पण कडक होऊन मोडलेल्या पॅकिंगला ती काय करणार?

पुण्याला निघताना मी पार्किंगमध्ये इंजिनखाली एक पुठ्ठा टाकला आणि बाबांना काम लावलं: दर रविवारी पुठ्ठ्याचा आणि डिपस्टिकचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा. मार्च कोरा गेला. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी पुठ्ठ्यावर वाटीएवढा डाग! मी मीटिंगच्या तयारीत होतो, सगळं सोडून फोन लावला.

बाबा म्हणाले, "अरे, घाबरू नकोस. बोटावर घेऊन चोळलं मी. एसीचं पाणी आहे. कालपासून उकाडा किती वाढलाय इकडे."